वळवात पत्रे उडाले, भाडेकरूचं सामान भिजलं: भरपाई कुणी द्यायची, विमा कुणाचा लागू होतो?

वरचा_मजला

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतलाय. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागची खोली आणि स्वयंपाकघर पत्र्याचं. परवा संध्याकाळच्या वळवात मागचे पाच पत्रे उचकटले. चार आमच्याच गच्चीत पडले, पाचवा बोळात लावलेल्या शेजाऱ्यांच्या मोटारसायकलीवर. टाकीला पोचा आलाय, आरसा आणि इंडिकेटर फुटलाय.

आत भिजलेलं: फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन गाद्या, लाकडी कपाट, त्यातले कपडे, मिस्टरांचा ऑफिसचा लॅपटॉप, धान्य. मालक काका स्वभावानं चांगले आहेत, पण त्यांचं म्हणणं, "देवाच्या करणीला मी काय करू? पत्र्याचा खर्च निम्मा-निम्मा, तुमचा भाग डिपॉझिटमधनं वळता करतो." शेजारी म्हणतात, घरात राहतंय कोण? मग गाडीचं तुम्हीच बघा.

करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन नोंदणी केलेला. भाडं ९,५००, डिपॉझिट ४०,०००. मिस्टरांनी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी घेतली होती, फक्त सामानाची, ४ लाखांची. घर आपलं नसताना ती चालते का? काकांकडे गृहकर्जाच्या वेळी बँकेनं काढलेली पॉलिसी आहे, त्यातून आमचं काही निघेल का? आणि डिपॉझिट कापता येतं का?

विमा_सर्व्हेअर_४१६

ताई, आधी विम्याचं बोलतो, कारण तिथं दिवस मोजले जातात. बाकीची भांडणं आठवड्यानं केली तरी चालतील.

पॉलिसी चालते. 'भारत गृह रक्षा' हा एका कंपनीचा ब्रँड नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी आहे, कंपनी कुठलीही असली तरी मूळ मजकूर तोच. तिच्यात इमारत आणि घरातलं सामान असे दोन वेगळे भाग असतात. भाडेकरूला नुसता सामानाचा भाग घेता येतो, तुम्ही तेच केलंय. वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज पडणं, झाड किंवा भिंत अंगावर येणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे, वेगळं घ्यावं लागत नाही. पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानावर, विमा घेतलेल्या जागेचा पत्ता मात्र आत्ताच तपासा. घर बदललं आणि पॉलिसीवर जुना पत्ता राहिला, असं भाडेकरूंच्या बाबतीत सर्रास होतं आणि मग दावा तिथंच अडकतो.

काकांच्या पॉलिसीतून तुमची एक गादीही निघणार नाही. बँकेनं काढलेली पॉलिसी बहुधा नुसत्या इमारतीची असते आणि कर्ज चालू असेल तर पैसेही आधी बँकेकडं जातात. इमारतीच्या विम्याबरोबर विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाचं संरक्षण आपोआप येतं हे खरं, पण ते मालकाच्या सामानाचं. भाडेकरूच्या वस्तूत मालकाचा विमायोग्य हितसंबंध नसतो, म्हणजे ती गेली तर तोटा मालकाचा होत नाही. पत्रे मात्र त्यांच्या पॉलिसीत बसतात. म्हणजे निम्मा-निम्मा करत बसण्याआधी काकांनी स्वतःच्या कंपनीला कळवायला हवं. पुष्कळ मालकांना आपल्याकडं अशी पॉलिसी आहे हेच आठवत नाही. कर्जाच्या फायलीत शोधा म्हणावं.

आता तुमचा दावा. आजच्या आज कंपनीच्या टोल फ्री नंबरवर किंवा ॲपवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत गेला पाहिजे. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर (नुकसान तपासून मोजणारा) नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय कळवायचा. वळीव किंवा पुरानंतर एकदम शेकडो दावे आले की हे वेळापत्रक ताणतं, म्हणून प्रत्येक बोलणं ईमेलवर ठेवा.

फॉर्ममध्ये नुकसानीचं कारण लिहिताना घोळ होतो. लोक सरळ "छत गळून सामान भिजलं" असं लिहून मोकळे होतात. गळती म्हटलं की कंपनी ते झीज आणि देखभालीचा अभाव यात ढकलते, आणि ते पॉलिसीत वगळलेलं आहे. तुमच्याकडं जे घडलं ते वेगळं आहे: वाऱ्यानं पत्रे उचलले, छप्पर उघडं पडलं आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला. अमुक तारखेला, अमुक वाजता. हाच क्रम लिहा. उलट खिडकी उघडी राहून पाणी आलं असेल किंवा भिंतीतली ओल जुनीच असेल, तर ती वस्तू यात घुसडू नका. सर्व्हेअरला भिंतीवरचा बुरशीचा डाग बघून ओल दोन दिवसांची की दोन वर्षांची ते कळतं, आणि एक वस्तू खोटी निघाली की बाकीच्या दहांवर शंका येते.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन चालू करून बघू नका. पावसाचं पाणी आत गेलं हे वादळाचं नुकसान. ओलं असताना बटण दाबलं आणि मोटर किंवा बोर्ड जळला, तर ते शॉर्ट सर्किट, आणि शॉर्ट सर्किटनं त्याच यंत्राचं झालेलं नुकसान वगळलेलं असतं. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलवा, त्याच्या रिपोर्टवर मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि "पाणी शिरल्यामुळे" हे शब्द असू द्या. दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीचा अंदाज, नसेल तर तसं लेखी.

गाद्या सर्व्हेअर येईपर्यंत टाकू नका. वास मारायला लागल्या तर चारी बाजूंनी फोटो काढा, लेबलचा जवळून एक काढा, "आरोग्याच्या कारणानं टाकत आहोत, उद्या दुपारपर्यंत बघायला या" असा ईमेल करा आणि मग टाका. कपड्यांचे प्रकारवार गठ्ठे करा: साड्या, शर्ट, लहान मुलांचे, आणि प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो आणि नग. "कपडे अंदाजे २५,०००" अशी एक ओळ लिहिलीत तर त्यातलं निम्मं हमखास कापलं जातं.

बिलं नसली म्हणून घाबरू नका. कार्डाचं स्टेटमेंट, ऑनलाइन ऑर्डरचा इतिहास, वॉरंटी कार्ड, सणाच्या फोटोत मागं दिसणारा फ्रिज, सगळं चालतं. या पॉलिसीत सामानाचा हिशोब तशाच नव्या वस्तूच्या किमतीवर असतो, त्यामुळं सात वर्षांचा फ्रिज म्हणून कुणी निम्मी किंमत सांगितली तर पॉलिसीतलं कलम दाखवा. विमा रक्कम कमी घेतली म्हणून प्रमाणात कपात करणंही या पॉलिसीत नाही.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तो तुमच्या दाव्यात नको, ऑफिसला कळवा, त्यांचा विमा असतो. रोख रक्कम, कागदपत्रं मूळ पॉलिसीत नाहीत. दागिने वेगळे जाहीर केले असतील तरच.

आणि ताडपत्री आजच टाका. नुकसान वाढू न देणं ही विमेदाराची जबाबदारी आहे. उद्या पुन्हा पाऊस आला आणि उरलेलं भिजलं, तर त्या दुसऱ्या नुकसानीवर कंपनी बोट ठेवणारच. ताडपत्रीची आणि मजुरीची पावती ठेवा.

कोर्टाची_पायरी

विम्याचं वर व्यवस्थित आलंय. जबाबदारीचं सांगतो.

"देवाची करणी" हा कायद्यातला बचाव आहे, पण तो समजतात तितका स्वस्त नाही. घटना नैसर्गिक आहे एवढं दाखवून भागत नाही. ती इतकी असाधारण होती की नेहमीच्या शहाणपणानं आधी ओळखता आली नसती आणि नेहमीची काळजी घेऊन टळलीही नसती, हे दाखवावं लागतं. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, वारा सुटतो, पत्रे उडतात, हे शाळकरी पोराला ठाऊक आहे. जी गोष्ट दरवर्षी होते ती अकल्पित कशी म्हणणार? त्यामुळं खरा प्रश्न वाऱ्याचा नाही, पत्रे नीट बसवलेले होते का आणि मालकाला ते सैल असल्याचं माहीत होतं का, हा आहे. मागच्या पावसाळ्यात "काका, मागचा पत्रा वाजतोय" असा एखादा व्हॉट्सॲप मेसेज तुम्ही पाठवला असेल तर तो शोधा. या सगळ्या प्रकरणात त्या एका मेसेजइतकं वजनदार काहीच नाही.

पत्रे कुणी बसवायचे? मालकानं. छप्पर हा इमारतीचा भाग आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. नोटीस दिल्यावर १५ दिवसांत त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमच्या भाड्यावर वर्षाचे १,१४,००० होतात, म्हणजे मर्यादा २८,५००.

इथं एक पेच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्स आहे. कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात, आणि कलम १४ भाडेकरूबद्दल बोलतं. त्यामुळं त्या कलमावर विसंबून परस्पर भाडं कापू नका. करारात "मोठी दुरुस्ती मालकाकडे" असं कलम आहे का बघा, बहुतेक छापील नमुन्यांत असतं. नसेल तर खर्चाला काकांची लेखी संमती घ्या. व्हॉट्सॲपवर "हो, करून घ्या, भाड्यातून वळते करू" एवढं आलं तरी पुरे.

डिपॉझिटचं उत्तर सरळ आहे. ते तुमच्या थकबाकीसाठी आणि तुमच्या हातून झालेल्या नुकसानीसाठी असतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ भाडेकरूवर जागा नीट ठेवण्याची जबाबदारी टाकतं, पण नेहमीची झीज आणि अनिवार शक्तीनं झालेले बदल वगळून. लायसन्सच्या करारांतही तशाच अर्थाचं वाक्य असतं. वाऱ्यानं उडालेला पत्रा तुमच्या डिपॉझिटमधून कापायला आधार नाही. एकच अपवाद: तुम्ही स्वतः काही बदल केला असेल, म्हणजे पत्र्याला डिश ॲन्टेना ठोकली, शेड पुढं वाढवली, कपडे वाळवायची तार पत्र्याच्या हुकाला ताणून बांधली, तर गोष्ट वेगळी.

शेजाऱ्यांची मोटारसायकल. "राहतो त्यानं द्यायचं" असा काही नियम नाही. छपरावर ताबा आणि देखभाल ज्याची, त्याच्याकडं बोट जातं, म्हणजे मालकाकडं, तेही निष्काळजीपणा दाखवता आला तर. शेजाऱ्यांनी पहिल्यांदा स्वतःची गाडीची पॉलिसी बघावी. पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी) असेल तर वादळानं किंवा बाहेरची वस्तू आदळून झालेलं नुकसान त्यात बसतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर काही मिळणार नाही. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि नो क्लेम बोनस जातो, त्यामुळं आरसा-इंडिकेटरएवढंच असतं तर दावा न करणं शहाणपणाचं होतं. टाकी बदलायची असेल तर हिशोब मांडून बघावा.

गल्लीत रोज तोंड बघायचंय म्हणून तुम्ही माणुसकीनं काही द्यायचं ठरवलंत तर द्या, पण "आमची चूक झाली" असं लिहून देऊ नका.

शिवाजी_पेठ_१

एवढं कशाला? भाडं बंद करा दोन महिने, काका आपोआप वठणीवर येतात.

कोर्टाची_पायरी

असला सल्ला घेऊन लोक अडचणीत येतात. लायसन्समध्ये भाडं थकलं की मालकाला करार रद्द करायचं कारण आयतं मिळतं, आणि मुदत संपून जागा सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून जलद निष्कासन, म्हणजे जागेतून बाहेर काढणं, वर दुप्पट दरानं नुकसानभरपाई. छप्पर नसलेल्या दोन खोल्यांपुरती भाड्यात सूट मागा, लेखी मागा. जागा राहण्यालायकच उरली नसेल तर करार सोडून जाण्याचा आणि पूर्ण डिपॉझिट मागण्याचा मार्ग आहेच. पण राहायचं आणि भाडं द्यायचं नाही, हे जमत नाही.

पत्रा_फॅब्रिकेशन

निष्काळजीपणा दाखवायचा तर पुरावा छपरावर पडलेला असतो आणि दुरुस्तीवाला पहिल्या तासात तो भंगारात टाकतो. म्हणून नवे पत्रे चढायच्या आधी हे बघून घ्या.

उडालेल्या पत्र्यांची भोकं बघा. भोक लांबट झालंय, कडेला जुना तांबडा गंज आहे, तर तो पत्रा कित्येक महिने हलत होता. भोकाभोवतीचा पत्रा ताजा फाटून चकचकीत धातू दिसतोय, तर स्क्रू जागेवर होता आणि वाऱ्यानं पत्रा ओढून नेला. पहिल्या प्रकारात देखभाल नव्हती, दुसऱ्यात वाऱ्याचा जोर. दोन्हींचे जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. निघालेले चार-पाच स्क्रू किंवा J आकाराचे हूक वॉशरसकट पिशवीत घालून ठेवा. रबरी वॉशर कडक होऊन तडकलेला असेल तर तो काही परवाच्या वाऱ्यानं तडकलेला नाही.

खालची पर्लिनही (पत्रा ज्यावर ठोकतात तो आडवा आधार) बघा. लाकडी रीप असेल आणि स्क्रूचं भोक भुसभुशीत असेल, तर नुसते पत्रे बदलून पुढच्या वळवात तेच होणार.

पत्रे उडतात ते बहुधा कडेनं. वारा छपरावरून जाताना पाखेच्या टोकाला आणि आढ्याजवळ वर ओढ बसते, आणि खालून उघड्या पडवीतून हवा आत घुसली की ती पत्रा वर ढकलते. म्हणून कडेच्या ओळीला स्क्रू मधल्यापेक्षा दाट लागतात. आपल्याकडं बरोबर उलटं करतात: मध्ये भरपूर, कडेला दोन. पाखेबाहेर पत्रा फूट-दीड फूट लोंबता ठेवतात तोही पहिला उचलला जातो. नवे बसवताना लांबीतला जोड किमान १५० मिमी, बाजूला दीड पन्हळ, स्क्रू उंचवट्यावर, वॉशर दबेल इतकाच पिळायचा. जास्त पिळला की वॉशर बाहेर येतो आणि गळती तिथूनच सुरू.

पत्र्यावर दगड, विटा, वाळूची पोती ठेवायची पद्धत अजून आहे. या वजनानं वारा थांबत नाही, उलट पत्रा उचलला की वीट सोबत जाते आणि खाली कुणाच्या तरी डोक्यात बसते. आणि पत्रा सैल आहे हे मालकाला ठाऊक होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा वकीलसाहेबांना मिळायचा नाही.

वरचा_मजला

सगळ्यांचे आभार. पत्ता बरोबर आहे, क्लेम नंबर मिळाला. छपरावर तीन विटा सापडल्या, फोटो काढलेत. भोकं लांबट आहेत, गंजलेली. काकांना आता कसं सांगू, हाच प्रश्न. नोटीस पाठवली तर घर सोडावं लागेल.

सर्व्हेअर साहेब, आमच्या कंपनीनं पैसे दिले तर काकांशी भांडण उरत नाही ना?

विमा_सर्व्हेअर_४१६

तुमचं उरत नाही, कंपनीचं उरू शकतं. दाव्याचे पैसे दिल्यावर चूक करणाऱ्याकडून ते वसूल करण्याचा तुमचा हक्क तेवढ्या रकमेपुरता कंपनीकडं जातो. याला सबरोगेशन म्हणतात. घरगुती लहान दाव्यात कंपन्या सहसा त्या वाटेला जात नाहीत, पण हक्क असतो. म्हणून काकांशी समझोता करताना "तुमच्यावर आमचा कसलाही दावा नाही" असं दावा निकाली लागण्याआधी लिहून देऊ नका. तुम्ही तो हक्क सोडून बसलात तर कंपनी दाव्याचे पैसे द्यायला अडवू शकते. हेच उलट दिशेनंही लागू आहे: काकांच्या कंपनीनं पत्र्याचे पैसे दिले आणि पत्रा तुमच्या वाढवलेल्या शेडमुळं उडाला असं निघालं, तर ती तुमच्याकडं येऊ शकते.

काकांना नोटीस कशाला? एक साधं पत्र लिहा: "ती. काका, अमुक तारखेच्या वळवात मागचे पाच पत्रे गेले, घरात पाणी आलं, फोटो सोबत. आपल्या इमारतीच्या विम्याच्या कंपनीला कळवावं ही विनंती, सर्व्हेअरला घर दाखवायला आम्ही आहोत. तोवर ताडपत्री टाकली आहे, खर्च इतका." प्रत्यक्ष द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. काकांना यात भांडण दिसणार नाही, स्वतःच्या पत्र्याचे पैसे दिसतील. आणि तुमच्याकडं तारखेचा कागद तयार होतो.

एक सावधगिरी. गंजलेल्या भोकांचे फोटो तुमच्या दाव्याला बाधत नाहीत, कारण तुमचा विमा सामानाचा आहे आणि छपराची देखभाल तुमची नव्हती. काकांच्या दाव्यात मात्र त्यांचा सर्व्हेअर झिजेचा मुद्दा काढेल. ते त्यांचं त्यांनी बघायचं, तुम्ही पुरावा पुसायचा नाही.

उद्यमनगर_गाळा

याच धाग्यात विचारतो. शिवाजी उद्यमनगरात पत्र्याचा गाळा भाड्यानं, मशीनिंगचं जॉबवर्क. आत माझी दोन लेथ, गिऱ्हाइकांची कास्टिंग्ज (ओतीव भाग) आणि बाहेर माझ्या नावाचा लोखंडी फ्रेमचा बोर्ड. एजंट म्हणतो "दुकानाची पॉलिसी" घ्या, सगळं येतं. खरंच येतं का?

विमा_सर्व्हेअर_४१६

सगळं म्हणजे काय काय, ते एजंटाकडून लेखी घ्या. एका जागेवर ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. वादळ, पूर तीत आहेतच. तुमच्या धंद्यात चार ठिकाणी ठेच लागते.

पहिली, गिऱ्हाइकाची कास्टिंग्ज. तो माल तुमचा नाही. प्रस्तावात "विश्वासानं ताब्यात असलेला दुसऱ्याचा माल" असं स्पष्ट लिहून त्याची किंमत वेगळी धरली तरच तो येतो. गिऱ्हाइकाच्या डिलिव्हरी चलनावरची किंमत धरा, तुमच्या जॉबवर्कच्या बिलावरची नाही. पॅटर्न, जिग-फिक्स्चर गिऱ्हाइकाचे असतील तर तेही लिहा, त्यांची किंमत कास्टिंगपेक्षा जास्त असते आणि तेच विसरतात.

दुसरी, कमी विमा रक्कम. गृह रक्षात कपात नाही म्हणालो, इथं आहे. १५ टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून देतात, त्यापुढं प्रमाणात कापतात. माल-मशीन १० लाखांचं, विमा ६ लाखांचा, नुकसान २ लाखांचं, तर हातात १ लाख २० हजार. मार्चमध्ये ठरवलेली रक्कम दिवाळीच्या ऑर्डरच्या वेळी अपुरी असते, तेव्हा ती वाढवून घ्या.

तिसरी, जीएसटी. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे उलटवावं लागतं. उलटवलंत तर तो कर तुमचा खर्च झाला, दाव्यात धरता येतो, पण विमा रकमेत तो धरलेला असला पाहिजे. न उलटवता मागितलात तर सर्व्हेअर वजा करणार. सीएचं पत्र जोडा.

चौथी, बोर्ड. बोर्ड तुमचा, बसवला तुम्ही, तो उडून रस्त्यावरच्या माणसाला लागला तर मालकाचा संबंध नाही, जबाबदारी तुमच्यावर. ही तिसऱ्या माणसाची भरपाई वादळाच्या विम्यात येत नाही. त्यासाठी शॉपकीपर्स पॉलिसीत सार्वजनिक दायित्वाचा भाग असतो, बोर्डाच्या स्वतःच्या नुकसानीचाही वेगळा भाग असतो. दोन्हीवर खूण आहे का बघा.

कोर्टाची_पायरी

बोर्डाबद्दल जोड. सुकलेल्या झाडाची फांदी पडून स्कूटरवरचा माणूस गेला त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये दिल्ली महापालिकेला जबाबदार धरलं होतं, कारण धोका दिसत असताना उपाय केला नव्हता. फ्रेमचे बोल्ट गंजलेत हे दिसतंय आणि बदलले नाहीत, तर तुम्हालाही तोच तर्क लागू. गाळ्याजवळ शेजारच्या आवारातलं वाळलेलं झाड असेल तर त्या मालकाला आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला मे महिन्याआधी अर्ज द्या. स्वतः तोडायला जाऊ नका, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं परवानगी लागते. अर्जाची पोच असली की नंतर "आम्हाला माहीत नव्हतं" हे कुणाला म्हणता येत नाही.

शाहूपुरी_तळमजला

वाऱ्याचं झालं. पुराचं? आमच्याकडं पंचगंगेनं २००५, २०१९ आणि २०२१ ला घर बघितलंय. भाडेकरूला सरकारी मदत मिळते की मालकाला?

विमा_सर्व्हेअर_४१६

दोघांना, वेगवेगळ्या गोष्टींची. घराच्या पडझडीची मदत मालकाला, कपडे-भांड्यांची मदत तिथं प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाला. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० असा दर आहे. मोठ्या पुरात राज्य सरकार निर्णय काढून तो वाढवतं. पंचनामा करणारे येतात तेव्हा मालक हजर असतो, भाडेकरू नातेवाइकांकडं गेलेला असतो, आणि यादीत नाव मालकाचं जातं. म्हणून कराराची प्रत, आधार आणि बँक पासबुक पाणी चढायच्या आधी बरोबर घेऊन निघा आणि पंचनाम्यात "राहणारे कुटुंब" म्हणून नाव लावून घ्या. ही मदत आहे, भरपाई नव्हे. ती मिळाली म्हणून विम्याचा दावा अडत नाही, उलट पंचनाम्याची प्रत दाव्याला उपयोगी पडते.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ ची बातमी आली की फ्रिज-मशीन वरच्या मजल्यावर, मीटरचा मेन बंद, दुचाकी उंच भागात. पाण्यात बुडालेली गाडी नंतर सेल्फ मारून बघू नका. इंजिनात पाणी असताना सुरू केल्यानं होणारं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीत कंपन्या नाकारतात, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा संरक्षण लागतं. टोचन करून गॅरेजला.

वरचा_मजला

सर्व्हेअर येऊन गेले. गाद्या आणि कपडे मान्य, कपाटाची प्लाय फुगली तेही धरलं. वॉशिंग मशीनबद्दल "पावसाचं पाणी की जुना बिघाड, खात्री नाही" म्हणाले. सर्व्हिस सेंटरच्या रिपोर्टवर नुसतं "बोर्ड खराब" लिहिलंय. काकांनी पत्र घेतलं, चहा दिला आणि बँकेत जाऊन पॉलिसी शोधतो म्हणाले.

विमा_सर्व्हेअर_४१६

सर्व्हिस सेंटरला परत पाठवा आणि बोर्डवर पाण्याचे डाग किंवा गंज आहे का ते रिपोर्टवर लिहून घ्या, बोर्डचा फोटो जोडा. बोर्ड त्यांना परत देऊ नका, सर्व्हेअरला बघायचा असेल. सर्व्हे रिपोर्टची प्रत कंपनीकडं लेखी मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तरीही मशीन नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी, सोबत नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद. एका महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी), आपल्याला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. दरम्यान मान्य झालेल्या रकमेचं डिस्चार्ज व्हाउचर (रक्कम स्वीकारल्याचा कागद) पुढं करतील. सही करायला हरकत नाही, पण "पूर्ण आणि अंतिम" छापलेलं असेल तर सहीखाली हातानं लिहा: "वॉशिंग मशीनचा दावा राखून, निषेधासह स्वीकारले." आणि त्या कागदाचा फोटो काढून मगच परत द्या.